४२ इंची जाळीचा फोल्डिंग क्रेट : रस्त्यावरून आणलेल्या आमच्या तांबी कुत्रीसाठी आठ महिने वापरून आलेला अनुभव

आधीच सांगते, क्रेट चांगलाय, घ्या. पण कशासाठी घेताय ते डोक्यात पक्कं करून घ्या, कारण मी चुकीच्या कारणासाठी घेतला होता आणि पहिला आठवडा त्याच्यामुळं वायाच गेला.

तांबी आमच्याकडं आली ती पाडव्याच्या दोन दिवस आधी. लातूरच्या मार्केट यार्डात तुरीच्या पोत्यांच्या थप्पीमागं राहायची, कुठल्या तरी गाडीचा धक्का लागून मागचा पाय मोडला होता, तिथल्या हमालांनी आणि प्राण्यांसाठी धावपळ करणाऱ्या दोन पोरांनी तिचं सगळं केलं आणि पाय बरा झाल्यावर परत यार्डात सोडायला त्यांचा जीव होईना म्हणून घर शोधत होते. वय साधारण दोन वर्षं, रंग तांबडा म्हणून तांबी. एका कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी आधीच झालेली. पाय लांब आणि पोट आत गेलेलं बघून आमच्या गल्लीतले अजून विचारतात की जानवळहून आणली का, कारवान आहे का (कारवान म्हणजे लांब पायांची शिकारी कुत्र्यांची जात, आमच्या जिल्ह्यातलं जानवळ त्यासाठी प्रसिद्ध). नाही हो, यार्डातली आहे, आपल्या मातीतलीच आहे.

क्रेट मी ती यायच्या आधीच ऑनलाइन मागवला. ४२ इंच लांब, २८ रुंद, ३० उंच, काळी जाळी, दोन दारं, खाली प्लास्टिकचा ट्रे आणि मधे लावायला एक जाळीचा पार्टिशन (तो पिल्लांसाठी असतो, वाढेल तशी जागा मोठी करायची). साडेचार हजारांच्या आसपास पडला. साइज घेताना एवढंच बघा की कुत्र्याला आत सरळ उभं राहता आलं पाहिजे, गोल फिरता आलं पाहिजे आणि पाय ताणून आडवं होता आलं पाहिजे. तांबी १८ किलोची आहे, तिला ३६ इंची कमी पडला असता, पाय लई लांब आहेत तिचे.

माझा विचार असा होता की रात्री आत ठेवायची, दार लावायचं, म्हणजे घाण होणार नाही आणि मी शाळेत गेले की आई एकटी तिच्या मागं पळत बसणार नाही. पहिल्या रात्री चिकन दाखवून आत घेतली आणि कडी लावली. लावल्या लावल्या ट्रे खडखडला, ती दचकली, आणि मग जाळीला दात लावून लावून जे ओढलं तिनं ते मला आत्ताही आठवलं की पोटात कालवतं. हिरड्यातून रक्त आलं. पाच मिनिटांत दार उघडलं, ती ओसरीतून थेट अंगणात, आणि त्यानंतर क्रेट तर सोडाच, उंबरा ओलांडून घरातसुद्धा येईना. खायला ठेवलं तरी आम्ही आत गेल्याशिवाय खाईना. शेपूट पोटाशी, सारखी जांभई, ओठ चाटणं, मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं. जांभई आली म्हणजे झोप आलीय असं मला वाटायचं, नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ही सगळी घाबरल्याची लक्षणं आहेत, तिच्याकडं टक लावून बघू नका, अंगावर वाकू नका, बाजूला पाठ करून बसा.

इथं आईचं सांगावं लागेल. आमचं मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं, घरं सगळी दगडमातीची, माळवदाची. आमचं घर पडलं, माणसं वाचली. नंतर पत्र्याच्या शेडात राहिले, पुढं नवीन घर मिळालं, स्लॅबचं, तरी आमचे आजोबा कितीतरी महिने आत झोपले नाहीत, त्यांची बाज बाहेरच असायची, पाऊस आला की पोतं पांघरायचे पण आत जायचे नाहीत. तांबी उंबऱ्यावर येऊन वर छताकडं बघायची आणि मागं सरकायची, ते आईनं दोन दिवस बघितलं आणि मला म्हणाली, "अगं, ती तुला भिऊ नाई लागली, छपराला भिऊलालीय. तुझ्या आजोबाला कुणी ओढून आत न्हेलं होतं का? आपलं आपण येतंय माणूस. तिचं तिला येऊ दे."

त्या रात्री आईनं बाज ओसरीत टाकली आणि तिथंच झोपली. तिसऱ्या रात्री तांबी बाजेखाली येऊन झोपली. एवढंसं छप्पर तिला चाललं, चारी बाजू उघड्या, कधीही पळता येतंय असं.

मग आम्ही क्रेट परत काढला पण सगळं उलटं केलं. क्रेट ओसरीत, बाजेला चिकटून. दोन्ही दारं सताड उघडी आणि सुतळीनं जाळीला बांधून टाकली म्हणजे वाऱ्यानं हलून आवाज होणार नाही. ट्रे काढून त्याच्याखाली गोणपाट दुमडून घातलं, खडखड बंद. आणि वरून आईची वापरातली वाकळ टाकली, धुतलेली नाही, तिच्या अंगाचा वास असलेली, मागची बाजू आणि अर्ध्या कडा झाकतील एवढी. कंपनी ह्याचं कव्हर वेगळं विकते बाराशेला, ते मी घेऊन बसले होते आधीच. ते घेऊ नका. सिंथेटिक कापड आहे, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, त्यात आत हात घातला तर भट्टी. सुती वाकळ किंवा जुनं धोतर-लुगडं कितीतरी बरं, आणि समोरची बाजू कायम उघडी ठेवा, हवा खेळली पाहिजे.

जेवणाचं ताट पहिले दोन दिवस क्रेटपासून हातभर लांब, मग तोंडाशी, मग आत थोडं, मग मागच्या कडेला. कुणी बोलवायचं नाही, कुणी ढकलायचं नाही, आत गेली म्हणून वा वा पण करायचं नाही. सहाव्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर तांबी आत आडवी, चारी पाय ताणून, आणि मला बघून उठली नाही. मी तशीच चपला हातात घेऊन मागच्या दारानं घरात गेले.

ह्याच्यानंतरचं जे आहे ते मला कुठं वाचायला मिळालं नव्हतं म्हणून लिहिते. क्रेट आम्ही रोज एक वीत सरकवला. उंबऱ्याकडं. ती फिरायला गेली की वीतभर पुढं, बस. बाजही सोबत. उंबऱ्याशी आल्यावर तीन दिवस तिथंच ठेवला, मग अर्धा आत अर्धा बाहेर, मग पूर्ण आत पण दारापाशी. एकोणीस दिवस लागले. घर तिच्याकडं गेलं असं आई म्हणते. आज तो हॉलच्या कोपऱ्यात आहे, कूलरचा झोत थेट येत नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागत नाही अशा जागी.

लोक म्हणतात ना तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने, म्हणजे तीन दिवसांत भीती ओसरते, तीन आठवड्यांत घराची सवय होते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. अंदाज म्हणून ठीक आहे. आमचे तीन दिवसांचे बारा दिवस झाले. त्याच्यावर कॅलेंडर लावून बसू नका.

आता एक गोष्ट जी मला फार लागून राहिलीय. दीड महिना झाला तेव्हा तांबी क्रेटमध्ये जास्त वेळ राहायला लागली, एकदम शांत, भुंकणं नाही, चावणं नाही, मी सगळ्यांना सांगत सुटले की बघा किती रुळली. दोन दिवसांनी भाकरी चिकन दोन्ही सोडलं. आईनं ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढरट. डॉक्टरकडं नेली, ताप १०४ च्या वर, रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी, गोचीड ताप निघाला. गोळ्या जवळपास महिनाभर चालल्या, आता ठणठणीत आहे. पण सांगायचं हे की क्रेटमध्ये गप पडलेलं कुत्रं रुळलेलंच असतं असं नाही, आजारी पण असू शकतं, त्यामुळं खाणं, पाणी, हिरड्यांचा रंग आणि लघवी रोज बघा. आणि गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर नसतात, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, वाकळीच्या शिवणीत जाऊन बसतात. औषध कुत्र्याला लावलं आणि घर सोडलं तर परत येतात. आम्ही वाकळ आठवड्याला उकळत्या पाण्यात भिजवतो, क्रेट उन्हात उघडून ठेवतो, फटी सिमेंटनं बुजवल्या. औषध कुठलं आणि किती ते डॉक्टरांनाच विचारा, मेडिकलवाल्याला नको. रेबीजचं इंजेक्शन आणि बाकीच्या लसी, जंताचं औषध हे तर आल्या आल्याच करायचं. गावाकडं डॉक्टर मिळत नसेल तर उदगीरला आणि परभणीला व्हेटर्नरी कॉलेज आहे हे लक्षात असू द्या.

दार लावायला आम्ही अडीच महिन्यांनी सुरुवात केली. ती आत हाड चघळत असताना लावायचं आणि ती बघायच्या आत उघडायचं. मग एक मिनिट, पाच, पंधरा. आता दीड-दोन तास लावलेलं चालतं, ते पण घरात रंगकाम वगैरे असलं तरच. दिवसभर कोंडून नोकरीला जायचं असेल तर हा क्रेट काय, कुठलाच क्रेट घेऊ नका. आणि शिक्षा म्हणून तर कधीच आत घालू नका, एकदा घातलं की वीत वीत करून कमावलेलं सगळं गेलं. आत असताना गळ्यातला पट्टा काढायचा, जाळीत अडकून फास बसू शकतो, हे बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे होतं, कंपनीनं लिहिलेलं नाही.

पट्ट्यावरून आठवलं, घाबरणारं कुत्रं आणलं असेल तर क्रेटच्या आधी चांगला हार्नेस घ्या, छातीला आणि पोटाला दोन्हीकडं पट्टा असलेला. आमची चौथ्या दिवशी वरातीच्या डीजेला घाबरून मागं मागं सरकत गळ्यातल्या पट्ट्यातून निसटली. तीन तासांनी सापडली, यार्डात, त्याच थप्पीमागं. त्या तीन तासांबद्दल मला जास्त लिहवत नाही.

क्रेटच्या वस्तूबद्दल बोलायचं तर जाळी मजबूत आहे, तिच्या दातांनी वाकली नाही. घडी होते पण वजन भरपूर, एकट्या बाईला जिन्यानं नेता येणार नाही. कड्या जरा घट्ट आहेत, एका कडेला वेल्डिंगचं टोक राहिलं होतं, बोटाला लागलं तेव्हा कळलं, मी कानशीनं घासून घेतलं, तुम्ही घेतला तर आधी सगळीकडं हात फिरवून बघा. खालच्या कोपऱ्यात रंग उडून गंज धरायला लागलाय, पहिल्या दिवसांत तिनं आत लघवी केली होती तिथंच. सगळ्यात कच्चा म्हणजे ट्रे. चार महिन्यांत तडकला, धार पायाला लागायची भीती. विकणाऱ्याला विचारलं तर सुटा ट्रे मिळत नाही म्हणे, नवीन क्रेट घ्या. शेवटी लातुरात गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ पत्र्याच्या पेट्या बनवतात तिथं माप देऊन ट्रे करून घेतला, कडा आत वळवून, सहाशे रुपये, त्याच्यावर गोणपाट आणि गोणपाटावर वाकळ. एक तारा ह्या ट्रेसाठीच कापतेय, पाचातले चार.

दिवाळीत मला सगळ्यात जास्त धास्ती होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी चारलाच फिरवून आणली, जेवण लवकर दिलं, खिडक्या लावल्या, कूलरचा पंखा नुसता आवाजासाठी चालू ठेवला, क्रेटवर अजून एक वाकळ टाकली, दारं नेहमीसारखी उघडी. पहिली लड वाजली तशी ती उठली, उंबऱ्याकडं बघितलं, अंगणाकडं बघितलं. गेट लावलेलं होतं तरी माझा जीव वर खाली. मग वळली आणि क्रेटमध्ये जाऊन वाकळीच्या मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. थरथरत होती, पण आत होती, छपराखाली, स्वतःच्या पायानं गेलेली. आईनं बाज ओढून क्रेटला लावली आणि हात खाली सोडून रात्रभर तिथंच पडून राहिली.

येळवस (वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा करून जेवायचा आमच्याकडचा सण) तोंडावर आलीय, ह्या वेळी शेतात तिला पण न्यायचंय, दिवसभर माणसं, पोरं, भज्जी-आंबील, आरडाओरडा असणार म्हणून क्रेट पण घडी करून टेम्पोत टाकणार आहे, झाडाच्या सावलीत लावून देईन. कुणी असा क्रेट उघड्यावर शेतात वापरला असेल तर खाली काय अंथरलं ते सांगा, काळ्या रानात सकाळी लई ओल असते.