फेझर आठ महिने वापरल्यावर: एका वेबवाल्याचा धप्पा

गणपती गेले त्या आठवड्यात मी फेझर हे गेम बनवायचं साधन पहिल्यांदा उतरवून घेतलं. रंगपंचमीच्या आदल्या रात्री त्यात केलेला गेम लोकांच्या फोनवर गेला. आता घरात आंबे आलेत, म्हणजे आठ महिने झाले. दोन दिवस वापरून पाच तारे देणाऱ्यांचं मी कधी खरं मानत नाही, म्हणून स्वतःचं लिखाणही आजवर थांबवून ठेवलं होतं.

माझा धंदा वेबसाइटचा. नाशकात इंदिरानगरात घर, कॉलेज रोडला दोन खोल्यांचं ऑफिस. गिऱ्हाइकं म्हणजे द्राक्ष निर्यातदार, एक वायनरी, दोन क्लासेस, एक मिसळवाले. फॉर्म, तक्ते, पेमेंट, पुन्हा फॉर्म. गेम खेळण्याची हौस सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून फ्लॅशचे गेम खेळायचो तेव्हापासूनची. २०२० संपलं तसा अडोबीने फ्लॅशचा आधार बंद केला आणि त्या वयातली अर्धी मजा ब्राउझरमधून नाहीशी झाली. पण गेम बनवायला कधी हात लावला नव्हता.

फेझर म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारे टूडी गेम बनवण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. रिचर्ड डेव्ही यांनी २०१३ मध्ये सुरू केली, तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. फुकट, एमआयटी लायसन्स. वेबजीएल (फोनच्या ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घ्यायची सोय) असेल तर त्यावर चालते, नसेल तर साध्या कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरच्या चित्र काढायच्या पाटीवर. खेळणं समजू नका. २०२३ मध्ये बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा मान मिळवणारा व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स मुळात फेझरवरच उभा राहिला होता. पुढे त्यांनी तो युनिटी या मोठ्या गेम इंजिनावर नेला, ती गोष्ट वेगळी.

गोडो हे दुसरं फुकट गेम इंजिन का नाही, असं दोघा-तिघांनी विचारलं. एक शनिवार-रविवार गोडोही करून पाहिलं. एडिटर झकास, मला आवडलं. पण वेबसाठी एक्स्पोर्ट केल्यावर नुसत्या इंजिनाची ब्राउझरमध्ये चालणारी फाइलच (वेबअसेंब्ली) दोन आकडी एमबीत जाते. फेझर मिनिफाय करून (कोडमधली फालतू जागा काढून) साधारण एक एमबीच्या आसपास, आणि जीझिपने दाबलं की त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतं. शिवाय गोडो ४ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना सर्व्हरवर खास हेडर (फाइलीबरोबर जाणाऱ्या सूचना) लावावे लागायचे, ते साध्या शेअर्ड होस्टिंगवर लावताना नाकी नऊ येतात. २०२४ च्या ४.३ पासून त्याशिवाय चालतं, पण वजन आहेच. माझा गेम व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिंक म्हणून जायचा होता. तिथे माणूस पाच सेकंद थांबतो, मग पुढचा फॉरवर्ड बघतो.

गेम रहाडीचा. नाशिकबाहेरच्यांना सांगतो: आमच्याकडे रंग खेळतात ते रंगपंचमीला, आणि जुन्या नाशकात पेशव्यांच्या काळातले दगडी हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्या जमिनीखाली बुजवलेल्या असतात, वरून गाड्या जातात. रंगपंचमीला उघडतात, रंग कालवतात आणि लोक आत उड्या टाकतात. ती उडी म्हणजे धप्पा. जितकं पाणी बाहेर उडेल तितकी वाहवा. गेममध्ये एवढंच आहे: काठावरून पळायचं, नेमक्या क्षणी बोट उचलायचं, धप्पा मारायचा. किती पाणी उडालं त्यावर गुण. इतका साधा गेम तीन आठवड्यांत होईल असा माझा अंदाज होता.

पहिला महिना पूर्ण वाया गेला आणि त्यात फेझरचा दोष शून्य. वेबपेज कोणीतरी क्लिक करेपर्यंत गप्प बसून असतं. बारा वर्षांत माझं डोकंही तसंच झालंय: काही घडलं की काहीतरी कर. गेममध्ये कोणी बोट लावो न लावो, अपडेट नावाचं फंक्शन सेकंदाला साठ वेळा धावतच असतं आणि प्रत्येक फेरीत जगाची पूर्ण स्थिती नव्याने मांडायची असते. एका फेरीला मिळतात साधारण १६.७ मिलिसेकंद. आमच्या फॉर्मचं बटण दोनशे मिलिसेकंदांनी हललं तरी कोणी तक्रार करत नाही. इथे तेवढ्यात बारा फ्रेम जातात आणि उडी चुकते.

दिवाळीत भाचा आला होता, नववीतला. त्याला मोठ्या कौतुकाने गेम दिला. माझ्या फोनवर खेळला, मग स्वतःच्या फोनवर उघडला आणि म्हणाला, "मामा, हा माणूस पेटल्यासारखा का पळतोय?"

बघतो तर खरंच. काठावरचा गडी दुप्पट वेगाने रहाडीत. माझा फोन जुना, ६० हर्ट्झचा, म्हणजे स्क्रीन सेकंदाला साठ वेळा बदलणारा. त्याचा नवा, १२० हर्ट्झचा. मी दर फ्रेमला चार पिक्सेल पुढे सरकवत होतो. त्याच्या फोनवर सेकंदाला फ्रेमच दुप्पट, म्हणून गडीही दुप्पट पळायचा. फेझर अपडेटला मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते डेल्टा म्हणून हातात देतं. मी ते पॅरामीटर चक्क खोडून टाकलं होतं, वापरात नाही म्हणून लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारा प्रोग्रॅम) ओरडत होता! वेगाला डेल्टाने गुणलं, प्रश्न सुटला. गंमत म्हणजे फेझरचं आर्केड फिजिक्स (वेग, धडक यांचा तयार हिशेब) वापरलं असतं तर हे झालंच नसतं, कारण ते स्वतःच्या ठरलेल्या ठोक्यावर चालतं. "आपल्याला एवढं फिजिक्स कशाला" म्हणून मी शहाणपणा केला होता.

तसंच दुसरं पाप सेटटाइमआउटचं, म्हणजे ब्राउझरच्या टायमरचं. तीस सेकंदांची उलटी मोजणी मी त्यावर लावली, रोजच्या सवयीने. खेळताना फोन आला की गेम थांबायचा, मोजणी मात्र आत चालूच. दोन मिनिटं बोलून परत यावं तर खेळ खलास. फेझरचं स्वतःचं घड्याळ आहे, सीन (गेमचा चालू पडदा) थांबला की तेही थांबतं. ते वापरा, ब्राउझरचं नको.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे लिहायला बसलो ती: देवनागरी. इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे कुठेच सापडत नाही आणि मराठीत गेम करणाऱ्या प्रत्येकाचं डोकं इथेच आपटणार आहे. फेझरमध्ये अक्षरं काढायचे मुख्य मार्ग दोन. एक साधा टेक्स्ट, दुसरा बिटमॅप टेक्स्ट. बिटमॅप टेक्स्ट वेगवान, म्हणून सगळे तोच सुचवतात. पण तो एकेक चित्र शेजारी शेजारी चिकटवतो. जोडाक्षर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. "धप्पा" लिहिलं तर दोन प एकमेकांत न मिसळता मधे पाय मोडलेला हलंत उभा. "किती" मधली पहिली वेलांटी क च्या डावीकडे यायची सोडून उजवीकडे जाऊन बसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं फॉन्ट बिघडलाय. दोन दिवस फॉन्ट बदलत बसलो.

साधा टेक्स्ट ब्राउझरच्या कॅनव्हासवर अक्षरं काढतो, त्यामुळे जोडाक्षरं, रफार सगळं नीट. पण त्याची खोड वेगळी. ओळीची उंची मोजायला तो ठरावीक रोमन अक्षरांची चाचणी घेतो. आपल्या मात्रा आणि अनुस्वार त्या मापाच्या वर जातात, मग "रंग" चा टिंब कापला जातो आणि स्क्रीनवर "रग" उरतो. चार बाजूंना पॅडिंग द्या, किंवा टेस्टस्ट्रिंग नावाची सेटिंग आहे तिथे आपली उंच अक्षरं द्या. मी "र्ऐं" दिलं, बोलता येत नाही पण मापाला चांगलं आहे. आणि वेबफॉन्ट पूर्ण उतरल्याशिवाय पहिली ओळ काढू नका. कॅनव्हास एकदा काढलेलं स्वतःहून बदलत नाही, फोनचा जो असेल तो फॉन्ट तसाच राहतो.

मग गुणांची पाटी राहिली. ती सारखी बदलते, आणि साधा टेक्स्ट बदलला की अख्खं चित्र नव्याने काढून ग्राफिक्सकडे पाठवावं लागतं. स्वस्त फोनवर तिथेच अडखळायला लागलं. तेव्हा लक्षात आलं की आकड्यांना ना जोडाक्षर ना वेलांटी. ० ते ९ ही दहा चित्रं बिटमॅपमध्ये टाकली. शब्द साध्या टेक्स्टमध्ये, आकडे बिटमॅपमध्ये. आठ महिन्यांत स्वतःची पाठ थोपटावी असं सुचलेलं हे एकच.

आवाजाचं थोडक्यात. नाशिक ढोल हवाच होता, पथकातल्या एका मित्राने गंगापूर रोडच्या सरावात रेकॉर्ड करून दिला. माणसाने स्क्रीनला हात लावल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू होऊ देत नाही, हे वेबवाल्यांना माहीतच आहे. म्हणून सुरुवातीला "काठावर या" असं एक बटण ठेवलं, त्यातच कुलूप उघडतं. मेहुण्याच्या आयफोनवर तरीही आवाज येईना. अर्धा तास ब्राउझरचा कन्सोल (चुकांची यादी) चाळला. शेवटी बायकोने फोन हातात घेतला आणि बाजूचं सायलेंटचं बटण सरकवलं. आयफोनच्या सफारीत वेब ऑडिओ (गेमचा आवाज ज्यातून येतो तो) त्या बटणाचं ऐकतो, व्हिडिओ ऐकत नाही. त्यामुळे मेहुणा ठामपणे सांगत होता, "यूट्यूब तर वाजतंय ना!"

फेझरबद्दल खरी तक्रार शिकण्याच्या साहित्याची. त्यांच्या साइटवर उदाहरणांचा ढीग आहे आणि तो उत्तम आहे. पण बाहेर शोधायला गेलात की दुसऱ्या आवृत्तीतली उत्तरं समोर येतात. चॅटबॉटला विचारा, तोही दोन आवृत्त्यांची खिचडी करून देतो. ओळखायची खूण सोपी: कोडमध्ये "गेम डॉट ॲड" दिसलं तर जुनं, "धिस डॉट ॲड" दिसलं तर नवं. आणि मेनू, सेटिंग, नाव भरायची चौकट असल्या गोष्टींसाठी फेझरच्या नादी लागू नका. त्या साध्या एचटीएमएलमध्ये करून कॅनव्हासच्या वर ठेवा. आपल्याला ते झोपेतही येतं.

रंगपंचमीला दुपारी तिवंध्याच्या रहाडीवर गेलो होतो. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. गर्दीत नेटवर्क मेलेलं. काठावर दोन पोरं गेम खेळत उभी होती, लिंक सकाळी घरून उघडलेली. सर्व्हिस वर्कर (नेट नसतानाही साइट चालवणारी स्क्रिप्ट) लावून सगळ्या फाइली फोनवर ठेवल्या होत्या, म्हणून चालत होता. हे काम फेझरचं नव्हे, रोजच्या धंद्याचं. पण पिशवीवरून बोट नीट लागत नव्हतं आणि एका पोराने बोट खाली ओढलं की क्रोम पान रिफ्रेश करत होता. सीएसएसची एक ओळ लिहायची राहिली होती. ती मी त्या रात्री पिवळ्या हातांनी लिहिली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वर्गमित्राचा फोन. "अरे, माझा हायस्कोर कुठे गेला?" त्याचा आयफोन. २०२० पासून सफारी असं करतं की साइटला सात दिवस हात लावला नाही तर स्क्रिप्टने साठवलेला माल पुसून टाकतं. माझे गुण लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे फोनवरच्या ब्राउझरच्या साठ्यात. जाहिरातवाल्यांच्या पाळतीला आळा घालायला केलेला नियम, सापडला माझा मित्र. सर्व्हरवर गुण ठेवायचे तर लॉगिन आलं, आणि लॉगिन मागितलं की लिंक उघडणारे निम्मे पळतील. मी लॉगिन ठेवलं नाही. मित्राला त्याचे ३१२ गुण तोंडी मान्य केले.

धंद्यात याचा उपयोग झाला, पण वेगळ्याच वाटेने. वायनरीच्या साइटवर मी दोन वर्षांपूर्वी थ्री जेएस या थ्रीडी लायब्ररीत गोल फिरणारी बाटली बसवली होती, मालकांच्या हट्टाने. फ्रेमचा हिशेब कळल्यावर तीच साइट भाच्याच्या नव्हे, आईच्या फोनवर उघडून पाहिली. बाटली फिरेपर्यंत फोन हाताला गरम लागला. मालकांना समोर बसवून दाखवलं आणि तिच्या जागी चार फोटो लावले. आता सिंहस्थ कुंभमेळा जवळ आलाय तसं एक गिऱ्हाईक घाटांचा "गेमसारखा" नकाशा मागतंय. त्यांना साधा एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) देणार आहे. बोटाने सरकतो, मोठा होतो, बस्स. तिथे साठ वेळा धावणारं काही नको, वाट शोधणाऱ्या माणसाची बॅटरी टिकायला हवी.

एक गोष्ट आवृत्ती बदलल्यावर सुटली, तीही नोंदवतो. आई गेम अर्धवट सोडून कॅमेरा उघडायची आणि परत आल्यावर स्क्रीन काळी. कमी रॅमच्या फोनवर सिस्टिम वेबजीएलचा संदर्भच, म्हणजे गेमला दिलेली ग्राफिक्सची जागाच, काढून घेते. ३.८० पासून फेझर तो परत मिळाल्यावर स्वतः सगळं पुन्हा भरतं. मी जुन्या आवृत्तीला चिकटून होतो. बदलायला एक संध्याकाळ लागली, काही मोडलं नाही.

कोणी घ्यावं? जावास्क्रिप्ट येत असेल, टूडी पुरत असेल आणि लिंक पाठवून खेळवायचं असेल तर डोळे मिटून. थ्रीडी हवं असेल किंवा प्ले स्टोअर हेच ठिकाण असेल तर गोडोकडे जा. पाचपैकी चार. एक कापला तो टेस्टस्ट्रिंगसाठी.

आईचा सर्वोच्च गुण सध्या ४१ आहे. गडी फार लवकर उडी मारतो असं तिचं म्हणणं आहे. मी लॉग पाहिला, तिचं बोट लवकर उचललं जातंय. तिला ते अजून सांगितलेलं नाही.