४९९ परत कापले : टीम पाडायच्या ॲपचा नऊ महिन्यांचा अनुभव

काल रात्री जेवायला बसलो आणि मेसेज आला. ४९९ रुपये गेले. चौथ्यांदा. ऑटोपे बंद केलंय अशी माझी पक्की समजूत होती, पण मी बंद केलं होतं ते नोटिफिकेशनचं बटण. म्हणजे एप्रिलपासून १९९६ रुपये. आमच्याकडे बरा टेनिस बॉल साठ रुपयांना येतो. तेहतीस बॉल झाले असते. मी ताटावर बसून बोटं मोजत होतो, तर बायको म्हणाली, "आधी जेवा."

तर हे रागाच्या भरात लिहितोय, आधीच सांगतो. ॲपचं नाव घेत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. या जातीची ॲपं सगळी सारखीच दिसतात. पोरांची नावं टाका, प्रत्येकाला १ ते १० मध्ये आकडा द्या, कप्तान एकेक गडी उचलतात आणि पुढची पाळी कुणाची ते ॲप ठरवतं. फुकटात स्नेक ड्राफ्ट मिळतो, म्हणजे दर फेरीत पाळीचा क्रम उलटा होतो. पैसे भरले की 'अडॅप्टिव्ह' क्रम मिळतो, म्हणजे फेरीत प्रत्येकाला एकच गडी, पण ज्या संघाची बेरीज सगळ्यात कमी त्याला आधी पाळी.

मी कोच वगैरे नाही. यंत्रमागाचे सुटे भाग विकतो. जुळे सोलापुरात आमच्या घरामागे एक मोकळा प्लॉट आहे, तिथं सुट्टीत रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ पोरं खेळवतो. मे महिन्यात नऊनंतर तिथं कुत्रंही थांबत नाही. दहा ते चौदा वयाची २४ पोरं, सहा-सहाचे चार संघ, बक्षीस म्हणून गाठीत सेकंड, म्हणजे सदोष, निघालेले नॅपकिन. पूर्वी टीम पाडायला अर्धा तास आणि भांडायला पाऊण तास जायचा. दोन दांडगी पोरं एका बाजूला गेली की उरलेली म्हणणार, "काका, असं नसतंय बे." मराठी, तेलुगू, कन्नड, सगळ्या घरांतली पोरं आहेत, पण भांडताना 'बे' सगळ्यांचा एकच.

पहिल्या महिन्यात मी या ॲपला पाच तारे दिले होते. ते का, हे आधी सांगतो, नाहीतर नुसतीच रडगाणी वाटतील.

एका रविवारचा हिशेब माझ्या वहीत आहे. सगळ्यात तगडा पोरगा १०, मग दोन ७ वाले, तीन ६ वाले, चार ५, चार ४, दोन ३, सहा २ आणि शेवटी दोन १. प्रत्येक कप्तान उरलेल्यातला मोठा आकडा उचलतो असं धरा. दर फेरीत १-२-३-४ असाच क्रम ठेवला तर चार संघांच्या बेरजा २९, २६, २२, २१ येतात. आठचा फरक, म्हणजे पहिल्याच ओव्हरला रडारड. स्नेक केला, म्हणजे १-२-३-४ आणि मग ४-३-२-१, तर २६, २३, २५, २४. फरक तीन. अडॅप्टिव्हला २५, २५, २४, २४. फरक एक.

स्नेकची अडचण ही की तो फक्त नंबर बघतो, अंतर बघत नाही. २४ जणांची १ ते २४ अशी रांग लावून बेरीज करा, स्नेकमध्ये चारही संघांची ७५ येते. कागदावर अगदी चोख. पण पहिला पोरगा दुसऱ्यापेक्षा तीन आकड्यांनी भारी आणि अकरावा-बारावा एकाच मापाचे, हे स्नेकला कळत नाही. स्नेकमध्ये १० वाला ज्यानं घेतला त्यालाच तिसऱ्या फेरीत परत पहिली पाळी. अडॅप्टिव्हमध्ये त्याची बेरीज फुगलेली असते, म्हणून तो दुसऱ्या फेरीतही शेवटी आणि तिसऱ्यातही शेवटी. पहिल्या दोन फेऱ्या दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच. खरा फरक तिसरीपासून.

दुसरा फायदा मला अपेक्षित नव्हता. आमच्याकडे पाण्याचा दिवस रविवारी आला की तीन-चार पोरं टाकी भरायला घरी थांबतात. मे महिन्यात निम्मी मामाच्या गावाला जातात आणि पुण्याहून कुणाची तरी भाचरं येतात. नवा पोरगा आला की ज्या संघाची बेरीज कमी त्याच्याकडे. वाद नाही. एका आठवड्यात पाच पोरं गेली, तीन आली आणि मॅच वेळेवर सुरू झाल्या. त्या दिवशी मी घरी येऊन पाच तारे दिले.

आता तो घोळ.

बेरीज सारखी झाली तर पाळी कुणाची? माझा सगळा राग या एका प्रश्नावर आहे. ॲप आकडा पूर्णांकातच घेतं. साडेपाच चालत नाही. चार संघ, छोटे आकडे, त्यामुळे बरोबरी दर फेरीला होतेच. वरच्याच हिशेबात तिसऱ्या फेरीनंतर तीन संघ १७ वर अडकले होते. आणि पहिल्या फेरीला तर चौघंही शून्यावर असतात.

पोरांनी संघांची नावं ठेवली होती : ॲव्हेंजर्स, किंग्ज, टायगर्स आणि नंदीध्वज. पहिली तीन त्यांनी इंग्रजीत टाइप केली. चौथ्यांनी मराठीत. त्यांचा कप्तान दरवर्षी गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, सातही नंदीध्वजांच्या (उंच मानाच्या काठ्यांच्या) मिरवणुकीत आजोबांबरोबर चालतो, तो इंग्रजीत कशाला लिहील? तीन आठवडे बघितलं, बरोबरी झाली की नंदीध्वज शेवटी. दर वेळी. मला वाटलं योगायोग असेल. चौथ्या आठवड्यात किंग्जच्या कप्तानानं काहीतरी हुंगलं आणि संघाच्या नावाआधी दोन 'ए' लावले. झटक्यात पहिली पाळी त्याची. ॲव्हेंजर्सनं उत्तर म्हणून पुढं १ टाकला, कारण आकडा अक्षराच्या आधी येतो. मग टायगर्सच्या पोरानं नावाआधी उद्गारचिन्ह मारलं. ते आकड्याच्याही आधी येतं! तेरा वर्षांचं पोर आहे ते. गणितात काठावर पास.

म्हणजे ॲप बरोबरी सोडवताना नावांचा अक्षरक्रम लावतं आणि तोही कॉम्प्युटरच्या तक्त्यातला. त्या तक्त्यात आधी काही चिन्हं, मग आकडे, मग रोमन अक्षरं आणि देवनागरी त्यांच्या कितीतरी नंतर. मराठीत नाव लिहिलंत की तुम्ही रांगेत शेवटी, कायमचे. कुणी मुद्दाम केलं नसेल, एवढं मलाही कळतं. कुणीतरी एक ओळ लिहिली आणि विसरून गेला. पण चारशे नव्व्याण्णव रुपये घेऊन 'न्याय्य क्रम' विकताय ना?

सपोर्टला लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की ही सिस्टीमची रचनाच तशी आहे. मी स्क्रीनशॉट पाठवले. परत तेच उत्तर, खाली नाव वेगळं. तिसऱ्यांदा मराठीत लिहिलं तर उत्तरच नाही. पाचाचा एक तारा झाला.

इथं माझ्या भाच्यानं मला जमिनीवर आणलं. तो इंजिनीअरिंगला आहे. वही बघून म्हणाला, "मामा, बरोबरीत जो मागं पडतो त्याची बेरीज कमी राहते, म्हणजे पुढच्या फेरीत तोच पहिला. भरपाई होते की." मी परत आकडे मांडले. खरंच, चौथ्या फेरीत नंदीध्वजचं जे गेलं ते सहावीत पहिली पाळी मिळून जुळत आलं होतं. भरपाई होत नाही ती फक्त शेवटच्या फेरीतल्या बरोबरीची. त्या रविवारी शेवटच्या फेरीला २३ वर अडकले होते किंग्ज आणि टायगर्स, आणि उरला होता एक २ वाला, दोन १ वाले. किंग्जला २ मिळाला, टायगर्सला १. हा १ वाला म्हणजे आमच्या शेजारचं पोरगं, बॅट त्याच्या छातीला लागते. आमच्या वेळेला अशा पोराला कच्चा लिंबू म्हणायचे, आउटच नाही करायचे. म्हणजे मी दोन महिने ज्यासाठी भांडत होतो तो सगळा फरक एका कच्च्या लिंबाएवढा होता.

मान्य. तीन तारे.

पण तरीही! नाव मराठीत लिहिलं म्हणून शेवटी, ही गोष्ट मला गिळवत नाही.

प्रीमियममध्ये बरोबरीचा क्रम हातानं बदलता येतो, म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीत माझी शक्कल लावली. गुणतक्त्यात जो खाली, बरोबरीला त्याची पाळी आधी. दर महिन्याला नवा ड्राफ्ट. ऐकायला किती बरं वाटतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी किंग्ज आणि टायगर्सची मॅच होती. किंग्जचा ओपनर स्वतःच स्टंपवर बसला. टायगर्सनी त्याला उत्तर म्हणून एका ओव्हरमध्ये नऊ वाइड टाकले. दोघांनाही हरायचं होतं. मी अंपायर, मधोमध उभा, डोक्यावर टोपी, कुणाला ओरडू कळेना. भाच्यानं नंतर सांगितलं की अमेरिकेत हेच होऊन गेलंय. तिथल्या फुटबॉलच्या एनएफएल लीगनं १९३६ पासून तळाच्या संघाला आधी गडी निवडू द्यायची पद्धत ठेवली. बास्केटबॉलवाल्यांच्या एनबीएला मात्र मुद्दाम हरणाऱ्यांचा संशय यायला लागला, म्हणून १९८५ पासून त्यांनी लॉटरी आणली. एवढ्या पैसेवाल्यांना जे जमलं नाही ते मी नॅपकिनवर जमवायला निघालो होतो.

आकड्यांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ॲप कप्तानांना जी लिंक पाठवतं तिच्यात सगळ्यांचे आकडे उघडे दिसतात. लिंक अर्थातच सगळ्यांकडे फिरली. एक पोरगा दुकानात आला, पेन घ्यायच्या निमित्तानं, आमच्याकडे पेन मिळत नाही हे त्याला माहीत आहे. म्हणाला, "काका, मी तीनच का?" मी म्हटलं, तीन म्हणजे तिसरा नंबर. त्याला पटलं नाही. दुसरीकडे एक बेरकी कप्तान आपल्या चुलतभावाला चाचणीत मुद्दाम कॅच सोडायला सांगायचा. ४ चा शिक्का बसला की स्वस्तात उचलायचा, मग मॅचला तोच भाऊ एका हातानं कॅच घेणार. आकडा चुकीचा असला की क्रम कितीही हुशार असो, काय उपयोग? आता आकडे माझ्या वहीत असतात आणि अर्ध्या गुणांत असतात. साडेचार, साडेपाच. त्यानं बरोबऱ्या निम्म्यावर आल्या. जे काम ॲपला येत नाही ते पंधरा रुपयांच्या वहीला येतं.

उरलेल्या बरोबऱ्यांसाठी आम्ही जुनीच रीत काढली. लहानपणी कबड्डीला गडी वाटायचो तशी. सारख्या ताकदीची दोन पोरं खांद्यावर हात टाकून लांब जाणार, कानात गुप्त नावं ठरवणार आणि येऊन विचारणार, आंबा पाहिजे का चिंच? कप्तान एक म्हणणार, जो निघेल तो त्याचा. जोडीदार पोरंच निवडतात आणि आपल्या तोडीचा कोण हे पोरांना माझ्या आकड्यांपेक्षा जास्त कळतं. दोनच संघ असतील तर तेवढं बास, ॲपच्या नादाला लागू नका. फार तर अ-ब-ब-अ करा. टेनिसच्या टायब्रेकमध्ये सर्व्हिस तशीच फिरते, पहिल्याला एक आणि मग दोन-दोन.

मागच्या रविवारी, गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर, शेवटच्या फेरीला पुन्हा दोघं अडकले. उरलेली दोन पोरं प्लॉटच्या कोपऱ्यात गेली, बराच वेळ खुसखुसली आणि आली.

"कडक भाकरी का शेंगाचटणी?"

टायगर्सचा कप्तान चटणी म्हणाला. छातीपर्यंत बॅट येणारं ते पोरगं उड्या मारत निघालं, "मी चटणी, मी चटणी." शेवटी कोण उरलं होतं, हे त्या दिवशी कुणी मोजलंच नाही. तिसऱ्या ओव्हरला तो शून्यावर आउट झाला, ते वेगळं.

तर घ्यायचं का ॲप? चार किंवा जास्त संघ, पोरं सारखी येणार-जाणार, असं असेल तर सुट्टीपुरतं तीन महिने घ्या आणि त्याच दिवशी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपे मारून टाका. पावसाळ्यात आमच्या प्लॉटवर गुडघाभर चिखल होता, तेव्हाचे ४९९ मी अजून विसरलेलो नाही. संघांची नावं मराठीत ठेवायची असतील तर नावाआधी उद्गारचिन्ह लावा.

ता. क. : कालच्या ४९९ चा परतावा मागितला होता. आत्ता उत्तर आलं. पैशाबद्दल एक अक्षर नाही. अडचण आल्याबद्दल क्षमस्व, संघाचं नाव इंग्रजीत लिहून पाहावं, असं सुचवलंय. तीनाचे दोन तारे करतोय.