तेरावी डॉक्टर की पंधरावा? मुलांना आधी कोण दाखवावं

रामबागेतल्या मैत्रिणीनं परवा फोनवर विचारलं, "लेकीला 'डॉक्टर हू' दाखवायचंय. बाई डॉक्टरपासून सुरू करू की त्या नव्या, कृष्णवर्णीय डॉक्टरपासून?" मी लगेच "बाईपासून" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर वाटलं, उत्तर अर्धवट दिलं. आमच्या घरी दोन्ही बघून झाले आहेत. भाची १३ वर्षांची, भाचा १० वर्षांचा आणि जेवणं आटोपली की सोफ्याच्या कोपऱ्यात आई, असे आम्ही चौघं. त्या अनुभवावर आता नीट सांगते.

ज्यांना मालिकाच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर सुरू झालेली ही गोष्ट. परग्रहावरचा एक भटका जीव, नाव फक्त 'डॉक्टर', निळ्या पोलिस चौकीसारख्या दिसणाऱ्या टार्डिसमधून काळात फिरतो. १९६६ मध्ये पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना. तेव्हा लेखकांनी तोड काढली, की हा मरायला टेकला की त्याचा कायापालट होतो. चेहरा नवा, स्वभाव नवा, आठवणी त्याच. पॅट्रिक ट्रॉटन आले आणि मालिका वाचली. या एका युक्तीमुळे डॉक्टर कुणीही होऊ शकत होता. तरी १९६३ पासून जुलै २०१७ मध्ये तेरावी डॉक्टर म्हणून जोडी व्हिटेकरचं नाव जाहीर होईपर्यंत मुख्य डॉक्टर म्हणून एकामागून एक गोरे पुरुषच आले. गंमत म्हणजे पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसैन लखनौत जन्मलेले, तेव्हा जेमतेम २४ वर्षांचे, आणि निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट ही तरुण बाई. पडद्यामागे दोघं पहिल्या दिवसापासून होती. पडद्यावर बाई डॉक्टर यायला ५४ वर्षं लागली.

मराठीत हा बदल इंग्रजीपेक्षा जास्त जाणवतो. तिकडे 'द डॉक्टर' म्हटलं की झालं. आपल्याला क्रियापद लावावंच लागतं. भाचा पहिले दोन दिवस "डॉक्टर आला... आली" असं अडखळत होता. आईनं पहिल्याच भागात विचारलं, "ही डॉक्टरीण म्हणजे त्याची बायको का गं?" मी म्हटलं, "नाही, तोच तो. देह बदलला." ती म्हणाली, "मग मोहिनीसारखं," आणि पुढे बघायला लागली. तिला यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

आता तुलना. कोण जास्त चांगलं काम करतं हा प्रश्न मी बाजूला ठेवते, दोघंही उत्तम आहेत. मी एकच गोष्ट तपासते. नव्या देहामुळे डॉक्टरला आधी बंद असलेलं एखादं दार उघडलं का, आणि आधी सताड उघडं असलेलं एखादं दार तोंडावर बंद झालं का? हे दोन्ही होत नसेल तर नुसता चेहरा बदलला, गोष्ट होती तिथेच राहिली.

आधी उघडलेली दारं. व्हिटेकरचा 'डीमन्स ऑफ द पंजाब' हा भाग २०१८ चा, विनय पटेल यांनी लिहिलेला. डॉक्टरची सोबतीण यास्मिन खान आपल्या नानीच्या तरुणपणात जाऊन पोहोचते. ऑगस्ट १९४७, फाळणीचा दिवस, आणि मुसलमान नानीचं लग्न एका हिंदू मुलाशी ठरलंय. लग्नाच्या आधी बायकांची मेंदी. नवरी, तिची आई, यास्मिन आणि त्यांच्यात मांडी ठोकून बसलेली डॉक्टर, हात पुढे केलेले, चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद. पुरुष असताना हे कधी करायला मिळालं नव्हतं, असं ती म्हणतेही. जेमतेम एक-दोन मिनिटांचा प्रसंग, पण मला विचाराल तर तिच्या सगळ्या कारकिर्दीत बदलाचं सोनं इथेच झालं. हजारो वर्षं विश्व पालथं घातलेल्या जिवाला बायकांच्या खोलीत पहिल्यांदा जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी लग्नही तीच लावते. पुढे काय होतं ते सांगत नाही. तो भाग बघायला शेजारच्या सिंधी काकू आल्या होत्या. त्यांच्या सासरची माणसं फाळणीत सगळं सोडून इंदुरात आलेली. भाग संपल्यावर बराच वेळ त्या गप्प होत्या, मग भाचीला म्हणाल्या, "हमारे यहाँ भी कोई पूरी बात नहीं बताता था."

पंधरावा डॉक्टर शूटी गाट्वा, त्याचं उघडलेलं दार लागोसमध्ये आहे. हा नट रवांडात जन्मला, स्कॉटलंडमध्ये वाढला. २०२५ च्या 'द स्टोरी अँड द इंजिन'मध्ये डॉक्टर नायजेरियातल्या एका न्हाव्याच्या दुकानात जातो. तिथे सगळे त्याला ओळखतात, खुर्ची देतात, त्याच्या गोष्टी ऐकतात. हा आपला पहिलाच काळा देह, पृथ्वीवर काही ठिकाणी लोक आता वेगळं वागतात, पण इथे मात्र आपण आपल्यातले ठरतो, असं तो सोबतिणीला सांगतो. मेंदीची खोली आणि हे दुकान एकामागोमाग बघा. दोन्हीकडे आपल्या माणसांच्या गराड्यात अंग सैल सोडून बसलेला डॉक्टर दिसतो. न्हाव्याच्या दुकानाची कथा पुढे बरीच गुंतागुंतीची होते. भाचा मध्येच उठून गेला. भाचीला मात्र तो फार आवडला.

बंद झालेल्या दारांकडे आलं की फरक मोठा होतो.

व्हिटेकरच्या 'द विचफाइंडर्स'मध्ये सतराव्या शतकातलं लँकशायर आहे. गावात चेटकिणी शोधण्याची मोहीम चाललेली आणि खुद्द राजा जेम्स तिथे येऊन उभा राहतो. डॉक्टरकडे एक जादूचा कागद असतो. समोरच्याला जे वाचायला हवं ते त्यावर दिसतं, आणि या कागदाच्या जोरावर डॉक्टर २००५ पासून कुठेही घुसत आलेला. राजा कागद वाचतो आणि तिला मदतनीस समजतो, कारण बाई प्रमुख असू शकते हे त्याच्या डोक्यातच येत नाही. प्रमुख म्हणून तो तिच्यासोबतच्या म्हाताऱ्या ग्रॅहमशी बोलायला लागतो. पुढे तिलाच चेटकीण ठरवून पाण्यात बुडवतात. त्या कागदाच्या प्रसंगाला भाची ताडकन म्हणाली, "मावशी, आमच्या विज्ञान प्रदर्शनात अगदी असंच झालं. मॉडेल अपन केलं आणि सर सगळं त्या मुलालाच विचारत होते." एवढ्यासाठी तरी हा भाग दाखवावा.

पण माझी तक्रार इथेच आहे. व्हिटेकरचे एकूण ३१ भाग, त्यांत हे असं फारच थोड्या वेळा घडतं. प्रमुख लेखक क्रिस चिबनल यांनी तिच्या बाईपणाचा बाऊ करायचा नाही असं धोरण ठेवलेलं दिसतं. हेतू चांगला होता. पण त्यामुळे कित्येक भाग असे झाले, की तिच्या जागी जुना कुठलाही डॉक्टर ठेवला तरी वाक्य बदलावं लागणार नाही. शिवाय सुरुवातीला सोबती तीन. चौघांना संवाद वाटता वाटता तिच्या वाट्याला समजावून सांगण्याचं काम उरतं. ती नटी याहून कितीतरी जास्त करू शकली असती, ही हळहळ मला अजून वाटते.

गाट्वाचं बंद दार 'डॉट अँड बबल'मध्ये आहे. शेवट ठाऊक करून घ्यायचा नसेल तर हा परिच्छेद सोडा. श्रीमंत तरुणांची एक वसाहत, प्रत्येकाच्या डोक्याभोवती पडद्यांचा गोल बुडबुडा, दिवसभर एकमेकांशी त्यातूनच गप्पा. बाहेर राक्षसी किडे त्यांना एकेक करून खातायत, यांना पत्ता नाही. डॉक्टर पडद्यावरून ओरडून सावध करतो. शेवटी उरलेल्यांना म्हणतो, माझ्या टार्डिसमध्ये चला, तुम्ही वाचाल. ते नकार देतात. तो 'आपल्यातला' नाही. तेव्हा एकदम लक्षात येतं, की पूर्ण भागात तिथला प्रत्येक रहिवासी गोराच होता, आणि आपल्याला ते खटकलंच नव्हतं. डॉक्टर आधी हसतो. तुम्ही मला काहीही म्हणा, पण जीव वाचवू द्या, अशा अजिजीनं. मग ते हसणं किंकाळी होतं. साठ वर्षं ज्याच्या "माझ्यावर विश्वास ठेवा" या शब्दावर सगळे टार्डिसमध्ये चढत आले, त्याला पहिल्यांदाच कातडीवरून नाही म्हणतात. हे जुन्या कुठल्याही डॉक्टरबरोबर घडू शकलं नसतं. नायक बदलण्याचं याहून चांगलं उत्तर मी पाहिलेलं नाही. भाचा त्या रात्री झोपायला गेला आणि परत आला, "त्यांना मरायचं होतं का?" पाऊण तास बोलत बसलो.

गाट्वाची अडचण वेगळी. दोन वर्षांत आठ-आठ भाग आणि नाताळचे दोन विशेष, बस. २०२५ मध्ये तो गेलाही. ओळख होते न होते तोच निरोप. आणि जुन्या भागांचे संदर्भ इतके, की नवखं मूल शेवटच्या भागांत गोंधळतं. व्हिटेकरच्या पहिल्या दहा भागांत जुना शत्रू एकही नाही. कोरी पाटी चालते.

माझा दादा डेव्हिड टेनंटच्या काळापासूनचा चाहता. त्याचं म्हणणं, "नवी नायिका करा ना, जुन्याला कशाला हात?" त्याला जुन्या डॉक्टरबद्दल खरंच माया आहे, म्हणून मी हे हसण्यावारी नेत नाही. पण इंदुरात वाढलेल्या माणसाला तरी हे कळायला हवं. १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेल्यावर दिवाण गंगाधर चंद्रचूड यांचा सल्ला होता, की अहिल्याबाईंनी दत्तक घ्यावा आणि बाजूला व्हावं. त्यांनी तो मानला नाही, सासरे मल्हाररावांचीच दौलत सांभाळली, तीच फौज, तोच खजिना, तेच नाव. नव्या नायिकेला नवी मालिका देणं म्हणजे कोपऱ्यातली छोटी जहागीर देणं. टार्डिसची किल्ली हातात येते तेव्हा साठ वर्षांचा लोकांचा विश्वासही हातात येतो. आणि वंश बदलून भूमिका देणं आजचं आहे असंही नाही. १९६७ मध्ये 'स्टार ट्रेक'मधल्या खान नूनियन सिंगचं काम मेक्सिकन नटानं केलं, २०१३ मध्ये इंग्रज गोऱ्यानं. 'डॉक्टर हू'मध्येच १९७७ साली चिनी जादूगाराचं काम रंगरंगोटी केलेल्या इंग्रज नटाकडे होतं.

फक्त मोठ्यांसाठी बघायचं असेल तर तिसरा पर्याय 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'. १९७८ मधला बेफिकीर वैमानिक स्टारबक २००३ मध्ये केटी सॅकहॉफ झाली. तिथे कायापालटाचं कारण दिलेलं नाही, गोष्टच नव्यानं मांडली. ती दारू पिते, मारामाऱ्या करते, आणि त्या जगात बाई म्हणून तिला कुणी अडवत नाही. दारं नाहीतच, पण माणूस जबरदस्त उभा राहिलाय. मुलांसमोर लावू नका.

तर मैत्रिणीसाठी पक्कं उत्तर. लेक बारा वर्षांच्या आतली असेल तर व्हिटेकरचा २०१८ चा पहिला भाग, मग 'रोझा', मग पंजाबचा, मग चेटकिणींचा. ती रमली तर पुढचे सगळे. न रमली तरी हे चार वाया जाणार नाहीत. तेरा-चौदाच्या पुढची असेल आणि तिचे प्रश्न झेलायची तयारी असेल, तर गाट्वाचा नाताळचा पहिला भाग ओळखीपुरता दाखव आणि दुसऱ्याच रात्री 'डॉट अँड बबल' लाव. शेवटाआधी काही बोलू नकोस. पंजाबचा भाग लावशील त्या दिवशी मात्र सासूबाईंनाही बोलाव, मेंदीच्या प्रसंगाआधी.