मेपलच्या रसासाठी आरओ: घरी जोडावं, तयार घ्यावं, की नुसतंच आटवावं?

उसाच्या रसात साखर १५-२० टक्क्यांच्या घरात असते, तरी गुऱ्हाळावरची काहील गुळाला यायला काही तास जातात. मेपलच्या झाडातून निघणाऱ्या रसात ती जेमतेम २ टक्के. हिशोब सोपा आहे: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागा, तेवढे लिटर रस एका लिटर सिरपला, म्हणजे आटवून झालेल्या पाकाला, लागतात. २ टक्क्यांना ४३ लिटर. म्हणजे ४२ लिटर पाणी वाफ करून घालवायचं, आणि त्याला एक कणही उष्णता वाया न घालवता ३० युनिटांच्या आसपास ऊर्जा लागते. उघड्या बर्नरवर निम्म्याहून जास्त उष्णता हवेत जाते. त्यामुळे २० पौंडी प्रोपेन सिलिंडरमध्ये दीड-दोन लिटर सिरप निघालं तर पुष्कळ झालं.

अमेरिकेतल्या व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर किंवा कॅनडातल्या ऑन्टारिओ, क्यूबेकमध्ये राहणाऱ्या, घरामागे चार शुगर मेपल असणाऱ्या कुणालाही दुसऱ्या हंगामापर्यंत आरओचा विचार सुचतोच. पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर लटकतो तोच आरओ, तेच मेम्ब्रेन. फरक इतकाच की तिथे आपण शुद्ध पाणी पितो आणि ‘रिजेक्ट’ मोरीत सोडतो, तर इथे हवं असतं ते रिजेक्ट. साखर मेम्ब्रेनच्या अलीकडे अडते, पाणी पलीकडे जातं. मोठे उत्पादक गेली कित्येक दशकं हेच करताहेत. प्रश्न आहे तो वीस-तीस नळ्यांच्या (रस काढायला झाडात ठोकतात त्या) हौशी माणसाचा.

आधी नुसतं आटवण्याबद्दल, कारण अनेकांना तेवढंच पुरतं. पसरट पातेल्यातून दर चौरस फुटाला तासाला साधारण ४ लिटर पाणी उडतं. दोन चौरस फुटांचं पातेलं असेल आणि ८० लिटर रस जमला असेल, तर दहा तास आगीपाशी. एका नळीतून पूर्ण हंगामात ४० लिटरच्या आसपास रस येतो. पाच-सहा नळ्या असतील तर एकूण पाच-सहा लिटर सिरप, दोन-तीन शनिवारचं काम. त्यासाठी पंप आणि मेम्ब्रेन घेऊन बसू नये. लाकूड फुकट मिळत असेल तर नाहीच नाही. एक फुकटचा उपाय मात्र जरूर करा: रात्री बादलीत गोठलेला बर्फ सकाळी काढून टाका. इथले मूळ रहिवासीही रस असाच दाट करत. बर्फाबरोबर थोडी साखर जाते, पण पाणी त्याहून कितीतरी जास्त जातं.

पंधरा नळ्यांच्या पुढे गणित पालटतं. २ टक्क्यांचा रस ४ टक्क्यांवर आणला की निम्मं पाणी गेलेलं असतं, म्हणजे वरचे दहा तास पाचवर येतात. ८ टक्क्यांवर नेला तर तीन चतुर्थांश पाणी जातं. पंपाला वीज लागते ती जुन्या १०० वॅटच्या बल्बपेक्षाही कमी.

घरी जोडायचं म्हटलं तर सामान फार नाही. १५० गॅलन-प्रतिदिन क्षमतेची चार मेम्ब्रेन आणि त्यांची हाउसिंग (मेम्ब्रेन ज्यात बसतं ती नळकांडी), एक बूस्टर पंप, ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, प्रेशर गेज, नीडल व्हॉल्व्ह (दाट रसाचा प्रवाह बारीक कमी-जास्त करणारा कॉक), पुश-फिट जोड आणि पाव इंची नळी. कार्बन फिल्टर लागत नाही, रसात क्लोरीन नसतं. घरच्या प्युरिफायरमधला फ्लो रिस्ट्रिक्टर आणि ऑटो शटऑफही काढून टाका, रिस्ट्रिक्टरचं काम नीडल व्हॉल्व्ह करतो. खर्च साधारण २५० ते ४०० डॉलर. तेवढ्याच ताकदीचं तयार, बादलीवर बसवलेलं यंत्र साधारण दीडपट-दुपटीला पडतं.

पण हा फरक पाहून लगेच ठरवू नका. घरी जोडण्यातली खरी मेख आकड्यांत आहे. मेम्ब्रेनवर लिहिलेले १५० गॅलन हे २५ अंशाच्या नळाच्या पाण्याचे. तुमचा रस ३-४ अंशांवर असतो आणि तापमान एक अंशाने उतरलं की प्रवाह सुमारे ३ टक्क्यांनी घटतो. म्हणजे निम्मी क्षमता तिथेच गेली. त्यात पंपाच्या उलट ढकलणारा साखरेचा स्वतःचा दाब, म्हणजे ऑस्मोटिक दाब. २ टक्क्यांच्या रसाचा ऑस्मोटिक दाब अंदाजे २० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), ४ टक्क्यांचा ४०, ८ टक्क्यांचा ८०. तुमचा पंप ८०-१०० पीएसआयचा, घरगुती हाउसिंगही त्याच्या फार वर सोसत नाही. ८ टक्क्यांपाशी पंप नुसता घरघरतो, पाणी ठिबकतं आणि लोकांना वाटतं मेम्ब्रेन खराब आलं. मेम्ब्रेन ठीक असतं. त्या ठिकाणी ढकलायला दाबच उरलेला नसतो. कागदावर चार मेम्ब्रेनचे दिवसाला ६०० गॅलन होतात, म्हणजे तासाला जवळजवळ ९५ लिटर. प्रत्यक्षात थंड रसातून तासाला २० लिटरच्या आसपास पाणी निघालं की समाधान माना. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घरगुती यंत्राने ४, फार तर ५-६ टक्क्यांपर्यंत जा आणि पुढचं चुलीवर सोडा. पहिलं निम्मं पाणी स्वस्तात जातं, पुढचं प्रत्येक लिटर महाग पडतं.

जोडणीत अडतं ते एकाच जागी. मेम्ब्रेनच्या एका टोकाला बारीक नळी आणि तिच्यावर दोन काळ्या ओ-रिंग (रबरी कड्या) असतात. ते टोक आधी हाउसिंगमध्ये घालायचं, ओ-रिंग पाण्याने ओल्या करून, किंचित फिरवत, आत बसल्याचा हाताला अंदाज येईपर्यंत. ती अर्धवट बसली किंवा दुमडली तर रस पाण्याच्या बाजूला झिरपतो. पत्ता कसा लागतो? बाहेर आलेलं पाणी चाखून बघा, किंवा रिफ्रॅक्टोमीटरवर (साखरेचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) थेंब ठेवा. शून्य दिसायला हवं. गोड लागलं तर एकेक हाउसिंग उघडा.

चालू करताना नीडल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा, नळीतली हवा जाऊ द्यायची, मग हळूहळू आवळत गेज ८० वर आणायचा. पाण्याची आणि दाट रसाची अशा दोन्ही नळ्या दोन मापात सोडा. दोन्हीकडे सारखंच भरत असेल तर रस दुप्पट दाट होतोय. व्हॉल्व्ह पूर्ण बंद कधीच करू नये.

तयार यंत्रात हे सगळं कुणीतरी आधीच करून, तपासून दिलेलं असतं. मेम्ब्रेन किती, पंप केवढा हा मेळ बसवलेला असतो, आणि क्षमता थंड रसाची सांगितलेली असते (घेण्याआधी हे विचाराच, नुसती गॅलन-प्रतिदिन बेरीज सांगणारा विक्रेता सोडून द्या). सिंकखालची गळकी नळी स्वतः बदलायचा कंटाळा असेल तर जादाचे डॉलर मोजा. ऐन हंगामात, रात्री अकरा वाजता, टाकीत दीडशे लिटर रस असताना जोड गळायला लागला तर काय होतं, याचा विचार करून ठरवा. रस दुधासारखाच नासतो, आणि दाट केलेला आणखी लवकर. आज दाट केला तो आजच आटवायला घ्यायचा. पन्नास नळ्यांच्या पुढे तर मी घरी जोडायच्या फंदात पडणार नाही. तिथे मोठा पंप आणि मोठं मेम्ब्रेनच हवं.

धुण्याच्या बाबतीत मात्र विकत आणि घरचं सारखंच. रोज काम संपलं की यंत्रातून निघालेलंच शुद्ध पाणी मेम्ब्रेनमधून फिरवायचं. ते आठवणीने बाजूला ठेवा, तुळशीला घालून टाकू नका. नळाचं क्लोरीनवालं पाणी वापरत राहिलात तर मेम्ब्रेन कायमचं जातं. मळ बसल्यासारखं वाटलं तर तेच पाणी कोमट करून, ४० अंशांच्या आत. आणि यंत्र गोठता कामा नये, आतलं पाणी गोठलं की मेम्ब्रेन फाटतं. त्यामुळे जागा बेसमेंटची, उघड्या गॅरेजची नव्हे.

चवीची काळजी बऱ्याच जणांना असते: रंग आणि वास तर आटवण्यातूनच येतो, मग कमी आटवलं तर सिरप फिकं लागेल ना? अंडरहिलच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रात, व्हरमाँट विद्यापीठाने, हे तपासून पाहिलंय. म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

भारतातून येताना सुटकेसमध्ये मेम्ब्रेन आणि पंप आणावेत का, असंही विचारलं जातं. मेम्ब्रेन खुशाल आणा, माप तेच असतं. पंप आणू नका. घरगुती प्युरिफायरचा पंप एका मेम्ब्रेनपुरता असतो, चारांपुढे धापा टाकतो. शिवाय ॲडॉप्टर ११० व्होल्टवर चालेल की नाही ते त्यावर वाचावं लागतं. सामान जानेवारीत मागवा, जोडा आणि क्लोरीन नसलेल्या पाण्यावर अर्धा तास चालवून बघा. फेब्रुवारीअखेर रात्री गोठवणाऱ्या आणि दिवस वितळवणारे सुरू झाले की ओ-रिंग शोधत बसायला वेळ मिळत नाही.