एका वायसरपायी: मेटल डिटेक्टरचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये २४० पौंड मोजून घेतलेल्या मेटल डिटेक्टरची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या ओल्या शेताच्या मधोमध, दांड्याच्या टोकाशी मान टाकून लोंबू लागली, आणि तेव्हापासून या यंत्राविषयीचे माझे सगळे मत त्या एका सांध्याभोवती फिरत राहिले आहे. मोडले काहीच नव्हते. कॉइलच्या दोन कानांमध्ये दांड्याचे टोक बसते, दोन्ही बाजूंना एकेक रबरी वायसर असतो, आरपार प्लास्टिकचा बोल्ट जातो आणि तो हाताने आवळायचा असतो. ते दोन वायसर झिजून गुळगुळीत झाले होते, एवढेच. पडदा, आवाज, पडद्यावरचे आकडे, सगळे ठणठणीत होते. फक्त प्रत्येक फेऱ्याला कॉइल डुलत होती.

नवशिक्यांना जी चार-पाच यंत्रे नेहमी सुचवली जातात त्यांपैकीच हे एक असल्यामुळे त्याचे वजन, फ्रिक्वेन्सी आणि कॉइलचा आकार मी पुन्हा सांगत बसत नाही. कंपनीचे आणि दुकानाचे नावही मुद्दाम देत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक यंत्रांचा सांधा असाच असतो आणि माझी तक्रार त्या सांध्याविषयी आहे.

माझा जन्म पायाळू. आमच्याकडे पायाळू माणसाला जमिनीतले गुप्तधन दिसते असे म्हणतात, त्यामुळे हा छंद फोनवर सांगितला तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो, "अरे, मग तुला यंत्र कशाला लागतंय?" हा. किंमत मी तिला रुपयांत सांगितली नाही. तिला हेही सांगितले नाही की यंत्र घेणे हा या छंदातला सर्वांत सोपा भाग असतो. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय हे यंत्र कोणाच्या शेतात नेता येत नाही, आणि ती परवानगी मिळवण्यासाठी मी अकरा शेतकऱ्यांना पत्रे लिहिली. सात जणांनी उत्तर दिले नाही, तिघांनी सभ्य शब्दांत नकार कळवला आणि एकाने चहाला बोलावले. त्या गृहस्थांनी माझा विम्याचा कागद पाहिला (नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगच्या सभासदत्वाबरोबर तो विमा मिळतो, आणि तो नसेल तर शेतकऱ्याच्या दारात न गेलेलेच बरे) आणि मग फडताळातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या शेतात हरवलेल्या वस्तूंची ती यादी होती: ट्रॅक्टरच्या तीन पिना, एक पाना आणि पत्नीच्या कानातली रिंग.

सफकमध्ये अशा यादीला हसायचे नसते. याच परगण्यातल्या हॉक्सन गावी १९९२च्या नोव्हेंबरात एरिक लॉज नावाचे गृहस्थ एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेले होते. त्यांना रोमन काळातील सुमारे १५ हजार नाणी आणि सोन्याचांदीच्या दागिन्यांचा व चमच्यांचा साठा सापडला. त्यांनी खोदणे थांबवून अधिकाऱ्यांना कळवले, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो साठा जागच्या जागी, ज्या पेटीत तो ठेवला होता तिच्या खुणांसह उकरता आला. तो साठा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हातोडाही नंतर सापडला आणि तोही तिथेच आहे.

मला पहिल्या दोन महिन्यांत एक पिन सापडली. बाकीचा हिशेब असा: काडतुसांची पितळी बुडे, शिशाचे तुकडे, कॅनच्या कड्या, चॉकलेटची चांदी, कोटाची बटणे आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातली दोन पेनी, ज्यांच्यावरची राणी इतकी झिजली होती की ती केवळ केसांच्या अंबाड्यावरून ओळखावी लागली. ऑक्टोबर संपता संपता माझे मत पक्के झाले होते की हे यंत्र वरवरचा कचरा हुडकायला उत्तम आणि खोलवरचे काही पकडायला निकामी आहे. पैसे वाया गेले, असे मी घरात एकदा बोलूनही दाखवले, आणि ते वाक्य मला अजून अधूनमधून ऐकवले जाते.

आता वायसर. ऑगस्ट-सप्टेंबरात गव्हाची कापणी झालेली असते आणि रानात ताठ धसकटे उभी असतात. त्यांवरून कॉइल फिरवताना ती दर हातभर अंतरावर ठेचकाळते, आणि तो प्रत्येक धक्का सरळ सांध्यावर जातो. रबर मऊ असेल तर ते आधी चुरगळते, मग घासते आणि शेवटी बोल्ट कितीही आवळला तरी कॉइल आपल्या वजनाने खाली झुकते. याने काय बिघडते, असे कोणी विचारील. कॉइलने जमिनीत सोडलेले चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते, आणि नाण्यात त्यामुळे उठलेला प्रवाह जो प्रतिसाद परत पाठवतो तोही येताना तसाच क्षीण होतो. छोट्या नाण्याच्या बाबतीत, कॉइलपासून पुरेसे दूर गेल्यावर, अंतर दुप्पट झाले तर हाती येणारा प्रतिसाद सुमारे एक चौसष्टांश उरतो. म्हणजे २० सेंटीमीटरवरच्या नाण्यासाठी कॉइलची कड पाच सेंटीमीटर उचलली जाणे म्हणजे ऐकू येणे आणि न येणे यांतला फरक ठरू शकतो. दोनशे चाळीस पौंडांचे इलेक्ट्रॉनिक्स पाच-दहा पेन्सच्या रबरावर टांगलेले आहे, हे मला त्या ओल्या शेतात उभे असताना समजले.

दुकानाला मी त्याच रात्री लिहिले. दोन वर्षांची हमी असूनही उत्तर आले की वायसर हा झिजणारा भाग असल्याने हमीत बसत नाही, मात्र दोन वायसर आणि एक बोल्ट असा संच साडेआठ पौंडांना विकत मिळेल, टपालखर्च पाच पौंड वेगळा. साडेतेरा पौंड! मी परत लिहिले की २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार खरेदीपासून सहा महिन्यांच्या आत दिसलेला दोष मुळातच होता असे धरले जाते, तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते, आणि तीन महिन्यांत झिजणारा भाग हा झिजणारा नसून निकृष्ट असतो. यावर त्यांनी छायाचित्रे मागितली. छायाचित्रे पाठवल्यावर मी यंत्र धसकटांच्या शेतात वापरले होते का, असे विचारले. डिटेक्टर धसकटांच्या शेतात नाही तर दिवाणखान्यात वापरायचा असतो काय, असा मजकूर मी लिहिला आणि पाठवण्यापूर्वी खोडला. पत्रव्यवहार पाच आठवडे चालला.

तोवर हंगाम थांबत नव्हता. पुढच्या वसंतात बीट लावायचे म्हणून शेतकऱ्याने एक रान मोकळे ठेवले होते, पावसानंतर त्याला छान वापसा आला होता, आणि किंचित ओल असलेल्या मातीत संकेत अधिक खुलून येतात असे सगळेच जुने लोक सांगतात. मी आधी नळाचे वायसर आणून भोके मोठी करून बसवले. ते इतके कडक निघाले की कॉइल झुकेना, पण हव्या त्या कोनात वळेनाही. मग वडिलांची आठवण झाली. आमच्या घरी गळणारा नळ, निखळलेली मूठ, ढिला दांडा, या सर्वांवर एकच इलाज असे: सायकलची जुनी ट्यूब. मी मुलाच्या सायकलच्या पंक्चर झालेल्या ट्यूबमधून चार चकत्या कापल्या, दोन-दोन चिकटवल्या, मधे भोक पाडले आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना बसवून बोल्ट आवळला. कॉइल जिथे ठेवू तिथे राहू लागली.

खात्री करून घेण्यासाठी परसात एक चाचणीही केली. दोन पेन्सचे नाणे वीस सेंटीमीटर खोल पुरले. नाणे १९८७चे निवडले, कारण १९९२पासून ही नाणी पोलादावर तांब्याचा मुलामा देऊन पाडली जाऊ लागली आणि पोलादामुळे यंत्राचे आकडे भरकटतात. जुन्या वायसरांवर दहा फेऱ्यांपैकी सहांत आवाज आला. ट्यूबच्या चकत्यांवर दहापैकी दहा.

इथपर्यंतचा मजकूर मी जानेवारीत लिहिला होता आणि तो तसाच ठेवत आहे, परंतु आता मार्चमध्ये त्यातला एक आरोप मागे घ्यावा लागतो. यंत्र खोलवरचे पकडत नाही, याचा अर्धाच दोष सांध्याचा होता, उरलेला माझा. कानाला त्रास नको म्हणून मी लोखंडाबरोबरच त्याच्या वरचे खालच्या पट्टीतले आकडेही बंद करून ठेवले होते, म्हणजे ते आकडे आले तर यंत्र वाजू नये असे केले होते, कारण तिथे चॉकलेटची चांदी वाजते. परंतु पातळ, लहान चांदीचे नाणेही नेमके तिथेच वाजू शकते. यंत्र धातूचे नाव सांगत नाही; वस्तूची विद्युतवाहकता, आकार आणि जाडी यांचे मिळून जे होते त्याला ते एक आकडा देते, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले होते आणि मी वाचलेले नव्हते. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सगळे आकडे उघडे ठेवून त्याच बिटाच्या रानात गेलो. लोखंडाची घुरघुर अखंड चालू होती. तिच्यामधून एक बारीक, पण दोन्ही दिशांनी सारखाच येणारा स्वर आला. वीतभर खोल खणल्यावर ढेकळात नखाएवढा अर्धगोल चकाकला: मधोमध कापलेली पेनी, तिच्यावर आखूड क्रूसाचा अर्धा भाग.

अशी नाणी ११८० ते १२४७ या काळात पाडली जात. गोल अर्धी आणि पाव पेनी १२७९च्या सुमारास एडवर्ड पहिला याच्या काळात नेहमीच्या चलनात आली. तोवर सुटे पैसे हवे असतील तर पेनीच कापत. आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी काटकसरीने अर्धी करून घेतलेली पेनी दुसऱ्या काटकसऱ्याला सायकलच्या ट्यूबच्या आधाराने सापडली. सुटे एक नाणे १९९६च्या ट्रेझर कायद्याखाली, म्हणजे सापडलेल्या गुप्तधनाच्या कायद्याखाली, सहसा येत नाही (३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के चांदी वा सोने असलेली दोन नाणी एकत्र असतील तर येतात, आणि मग १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा धनाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावे लागते), तरीही मी ते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या आमच्या भागातील अधिकाऱ्यांकडे नोंदीसाठी नेले. त्यांनी नाण्याकडे दोन मिनिटे पाहिले आणि ते कुठे सापडले याविषयी वीस मिनिटे विचारले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बॅटरीविषयी तक्रार नाही. सोबत आलेले हेडफोन टाकाऊ आहेत. पिनपॉइंटर म्हणजे खड्ड्यात घालून वस्तू नेमकी कुठे आहे ते हुडकायची छोटी कांडी. ती आधी मी चैन समजत होतो आणि चार महिने मातीची ढेकळे हाताने फोडत बसलो. आता मी म्हणतो की यंत्र स्वस्तातले घ्या, पण कांडी घ्या.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांनी मात्र यंत्र मागवण्यापूर्वी थांबावे. तिथे १८७८चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे, जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे, आणि गडकिल्ल्यांवर हे यंत्र घेऊन जाण्याचा तर विचारही करू नये; तिथे मातीच्या कोणत्या थरात वस्तू आहे यालाच खरी किंमत असते, आणि आपण ती उकरली की थर गेला.

दुकानाकडून डिसेंबरच्या अखेरीस एक पाकीट आले होते, त्यात दोन वायसर होते, फुकट, चिठ्ठीशिवाय. बोटात दाबून पाहिले. तेच मऊ रबर. ते खणात पडून आहेत आणि यंत्रावर ट्यूबच्या चकत्याच आहेत. शेतकऱ्याच्या यादीतल्या दोन पिना मिळाल्या, पाना मिळाला, रिंग अजून नाही. रिंगसारख्या बारीक वस्तूंसाठी आणि लोखंडाने भरलेल्या जागेसाठी लहान कॉइल घ्यावी असे सगळे सांगतात. ती नव्वद पौंडांची आहे. तिच्यासोबत वायसर येतात का, आणि ते कोणत्या रबराचे असतात, असे मी त्याच दुकानाला लिहून विचारले आहे. तीन आठवडे झाले, उत्तर आलेले नाही.