छोट्या हॉलमधल्या मैफली: एकच संध्याकाळ मोकळी असेल तर कुठली निवडावी?

स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या छोट्या संगीत हॉलचं महिन्याचं पत्रक हातात घेतलं की साधारण अशी यादी दिसते: गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणारी गायिका, जॅझ चौकडी, तंतुवाद्यांची चौकडी म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट, ख्यालगायनाची बैठक, तीन रॉक बँडची रात्र, ओपन माइक (कुणीही येऊन गायचं-वाजवायचं), आणि एखादा कार्यक्रम ज्याच्यापुढे नुसतं ‘प्रायोगिक’ लिहिलेलं असतं. बहुतेक जण नाव ओळखीचं आहे का ते बघून ठरवतात. पण अशा हॉलमध्ये निम्म्याहून जास्त नावं अनोळखीच असतात, तेव्हा तो निकष फार पुढे नेत नाही. त्यापेक्षा शे-सव्वाशे माणसांच्या त्या खोलीत त्या संगीताचं काय होणार आहे, हे बघावं.

माझं मत आधीच सांगून टाकते. एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर ज्या कार्यक्रमात माइक सगळ्यात कमी लागणार आहेत तिथे जा. स्पीकरमधून आलेला आवाज घरीही मिळतो, मोठ्या स्टेडियममध्येही मिळतो. वाद्यातून निघून, मध्ये कुठलीही तार किंवा पेटी न येता थेट तुमच्या कानावर पडणारा आवाज फक्त छोट्या खोलीतच मिळतो. स्पीकर चालू झाले की सगळी वाद्यं दोन खोक्यांतून ऐकू येऊ लागतात. स्पीकर बंद असतात तेव्हा व्हायोलिन डावीकडून येतं, चेलो उजवीकडून, आणि डोळे मिटले तरी कोण कुठे बसलंय ते कळतं.

स्ट्रिंग क्वार्टेट की ख्यालाची बैठक?

माइकशिवाय होऊ शकतील असे हे दोन कार्यक्रम, आणि खरी चुरस मला यांच्यातच वाटते.

दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो ही मांडणी १८व्या शतकात संगीतकार हेडनच्या हातून घडत गेली, आणि ती खोल्यांमध्ये बसून वाजवण्यासाठीच. मोठी सभागृहं तिच्या वाट्याला नंतर आली. त्यामुळे छोट्या हॉलमध्ये क्वार्टेट ऐकताना आपण काही कमी दर्जाचं ऐकतोय असं मुळीच नाही. ते संगीत आपल्या घरी आलेलं असतं. पुढच्या दोन-तीन रांगांत बसलात, तर सुरुवात होण्याआधी पहिल्या व्हायोलिनवाल्याने नाकाने ओढलेला श्वास ऐकू येतो. तोच इशारा असतो. श्वास किती झटकन घेतला त्यावरून उरलेल्या तिघांना लयही कळते. चेलोच्या तळाची टोकदार दांडी लाकडी मंचावर रोवलेली असते, तिच्यातून खालचे स्वर फळ्यांत उतरतात आणि कधीकधी पुढच्या रांगेत तळपायाला जाणवतात. कितीही भारी हेडफोन आणा, तळपायापर्यंत ते पोहोचणार नाहीत.

ख्यालाच्या बैठकीत हीच जादू तानपुऱ्यात असते. जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारा झंकार, नीट लागलेली असली की सगळ्यात खालच्या, खर्जाच्या तारेतून गंधार (ग) आपोआप उमटतो. कुणी तो छेडलेला नसतो, तरी तो खोलीत असतो. म्हणूनच त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तानपुऱ्याला माइक लावला आणि आवाज साध्या स्पीकरमधून सोडला, की हे बारीक स्वर पुसट होतात आणि मागे नुसती गुणगुण उरते. गायकाचा पहिला षड्ज (सा) त्या तानपुऱ्यात मिसळतो तो क्षण चार हातांवरून ऐकणं हे मला या अख्ख्या पत्रकातलं सगळ्यात मोठं आकर्षण वाटतं. हॉल भरला की हवा दमट होते, तबल्याचं चामडं सैल पडतं, सूर उतरतो. मग तबलजी तालाच्या दोन फेऱ्यांच्या, म्हणजे आवर्तनांच्या, फटीत गजऱ्यावर (कडेच्या चामडी वेणीवर) हातोडीचे हलके ठोके देऊन तो परत वर आणतो. दुरून हे लक्षातही येत नाही. जवळून बघताना मात्र कळतं, की सुरात राहणं हे संध्याकाळभर चालणारं काम आहे.

मग यातलं कोणतं? तुमच्या वेळेवर आणि सोबतीवर ते अवलंबून आहे. क्वार्टेटच्या कार्यक्रमात साधारण दोन-तीन रचना असतात, एकेक वीस ते चाळीस मिनिटांची, आणि मध्ये मध्यंतर. उशीर झाला तर दोन रचनांच्या मधे आत सोडतात. अपवाद लक्षात ठेवा: बीथोव्हेनचं ओपस १३१ हे क्वार्टेट पत्रकात असेल तर वेळेआधी पोहोचा, कारण त्याचे सात भाग मध्ये न थांबता वाजतात आणि त्याला चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात. ख्यालात पहिला राग सगळ्यात लांब आणि सगळ्यात निगुतीने मांडलेला असतो. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, गायक एकेक स्वर जागेवर बसवत असतो. तिथे पंधरा मिनिटं उशिरा गेलात तर पाया घातलेला बघायचा राहून जातो, आणि पुढच्या ताना कितीही तयारीच्या असल्या तरी त्या कशावर उभ्या आहेत ते उमगत नाही.

दुसरा फरक श्रोत्याच्या वागण्याचा. क्वार्टेटला भागांच्या मधेसुद्धा टाळी वाजवत नाहीत, खोकलाही दाबून धरावा लागतो. बैठकीत समेवर, म्हणजे तालाचं आवर्तन जिथून सुरू होतं त्या मात्रेवर, मान हलली, तोंडून ‘वा’ गेलं, तर गाणाऱ्याला हुरूपच येतो; छोट्या खोलीत ती दाद त्याच्यापर्यंत पोहोचते आणि पुढची जागा तो तुमच्याकडे बघून घेतो. सोबतच्या माणसाला गप्प बसणं जड जात असेल तर बैठकच निवडा. आणि या संगीताशी अजिबात ओळख नसेल, तर क्वार्टेट थोडं सोपं जातं: छापील कार्यक्रमपत्रिका हातात असते, आता कुठला भाग चाललाय ते बघता येतं.

मात्र तिकीट काढण्याआधी आयोजकांना एकच गोष्ट विचारा: माइक लावणार का? हल्ली साठ माणसांच्या खोलीतही सवयीने ध्वनिक्षेपक उभे केले जातात. उत्तर ‘हो, सगळ्याला’ असं आलं, तर वर सांगितलेलं निम्मं गणित बदलतं.

जॅझ चौकडी की गिटारवाली गायिका?

इथे माइक असतात, पण मोजके. जॅझमध्ये बहुधा बेसला छोटा ॲम्प्लिफायर आणि गायक असेल तर त्याच्यापुरता माइक. पियानो, सॅक्सोफोन आणि ड्रम छोट्या खोलीत स्वतःच्या आवाजावर निभावतात. सगळा तोल ड्रमरच्या हातात असतो. त्याने काठ्या ठेवून तारांचे ब्रश उचलले, की अख्खा हॉल पुढे सरकून बसतो.

जॅझसाठी छोटी खोली किती सोयीची आहे याचा उत्तम पुरावा न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये आहे. १९३५ पासून त्याच तळघरात चाललेला हा क्लब, जेमतेम सव्वाशे माणसांचा. २५ जून १९६१ च्या रविवारी पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीने तिथे दुपार आणि रात्र मिळून पाच सेट, म्हणजे पाच सत्रं, वाजवले, आणि ते सगळे ध्वनिमुद्रित झाले; ती ध्वनिमुद्रणं आज जॅझमध्ये अभिजात मानली जातात. त्यात पेल्यांची किणकिण आणि लोकांची कुजबुजही ऐकू येते. बेसवादक स्कॉट लाफारो पुढच्या दोन आठवड्यांच्या आत मोटार अपघातात गेला. त्या दुपारी खुर्चीत बसलेल्या लोकांना ठाऊक नव्हतं की आपण काय ऐकतोय; त्यांच्यासाठी ती शेजारच्या क्लबमधली एक रविवारची दुपार होती. छोट्या हॉलच्या अनोळखी नावांकडे बघताना मला ही गोष्ट नेहमी आठवते.

जॅझला दोन सेट असतील आणि तिकिटं वेगळी असतील, तर दुसरा सेट घ्या. पहिल्यात वादक खोली चाचपत असतात. दुसऱ्यात एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागतात, सोलो लांबतात.

गायिकेचा कार्यक्रम निवडताना बघायची गोष्ट वेगळी: लोक बसणार आहेत की उभे राहणार आहेत? अशा गाण्याचं सगळं मोल शब्दांत असतं. खुर्च्या मांडलेल्या असतील, तर दोन गाण्यांच्या मधल्या गप्पांसकट प्रत्येक शब्द पोहोचतो आणि ती संध्याकाळ फार जवळची होते. हॉल उभ्याने ऐकण्याचा असेल, मागे बार चालू असेल आणि ती मुख्य बँडच्या आधी गाणार असेल, तर एक गिटार आणि एक गळा पन्नास माणसांच्या बोलण्याला पुरे पडत नाही. गायिका आवडीची असेल तर तिच्या स्वतःच्या, बसून ऐकायच्या कार्यक्रमाची वाट बघा. दोन्हीकडे खुर्च्या असतील आणि गाण्याची भाषा तुम्हाला नीट कळत असेल, तर गायिका; नाहीतर जॅझ.

तीन रॉक बँडची रात्र

माइक कमी तिथे जा, असं मीच म्हटलं, आणि तरीही ही रात्र मी यादीतून काढणार नाही. रॉकला गर्दी लागते, आणि छोट्या हॉलमध्ये गर्दी आणि बँड यांच्यात कठडाही नसतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात ९२४ गिलमन स्ट्रीट हा हॉल १९८६च्या ३१ डिसेंबरला सुरू झाला. सगळं काम स्वयंसेवकांचं, सगळ्या वयांना प्रवेश. ऑपरेशन आयव्ही आणि पुढे जगभर गाजलेला ग्रीन डे हे बँड सुरुवातीला तिथेच वाजवायचे. कोवळ्या वयाच्या पोरांना मंच मिळाला की काय उगवू शकतं, ते तिथे दिसलं.

पण तयारीने जा. छोट्या खोलीत आवाजाची पातळी साउंडवाला ठरवत नाही, ड्रमर ठरवतो. जोरात वाजवलेला ड्रम माइकशिवायच जवळून शंभर डेसिबलच्या आसपास जातो. गळा त्याच्या वर काढायचा तर स्पीकर आणखी चढवावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. अमेरिकेतल्या निऑश संस्थेचा कामाच्या जागांसाठीचा हिशेब असा: ८५ डेसिबल असेल तर दिवसाला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात, आणि तीन बँडची रात्र तीन तासांची असते. कानात इयरप्लग हवेतच. फोमचे चालतात, संगीतासाठी बनवलेले मिळाले तर उत्तम, ते सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतात आणि गाणं गढूळ होत नाही.

उभं राहायची जागा: अगदी पुढे नको. तिथे गिटारचे ॲम्प आणि ड्रम थेट अंगावर येतात, आणि गळ्याचा आवाज स्पीकरमधून तुमच्या डोक्यावरून मागे जातो. मिक्सरच्या (साउंडवाल्याच्या आवाज जुळवायच्या टेबलाच्या) जरा पुढे, दोन्ही स्पीकरच्या मधोमध उभे राहा. साउंडवाला तिथल्याच आवाजावर सगळं बसवत असतो.

आणि पहिल्या बँडला थोडा वेळ द्या. साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, सहसा उलट्या क्रमाने होतो, मुख्य बँड आधी आणि सुरुवातीचा बँड शेवटी, त्यामुळे त्याच्या वाट्याला घाईची काही मिनिटं येतात. शिवाय चेक होतो रिकाम्या हॉलमध्ये. माणसं आवाज शोषतात. हार्वर्डमध्ये १८९५ च्या सुमारास वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने खुर्च्यांच्या गाद्या व्याख्यानगृहात आणून, परत नेऊन हे आवाज शोषणंच मोजलं होतं, आणि त्यातूनच सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. हॉल भरला की दुपारी लावलेलं सगळं पुन्हा जुळवावं लागतं. पहिलं गाणं गढूळ वाटलं तर ते बँडच्या माथी मारू नका, तिसऱ्यापर्यंत थांबा.

उरलेले दोन

ओपन माइक हा ऐकण्यापेक्षा ओळखीचा कार्यक्रम आहे. तिथे नेमाने येणारे पुढे हॉलच्या कामात दिसतात, म्हणून जागेशी नातं जोडायचं असेल तर जा. फक्त एक चांगली संध्याकाळ हवी असेल तर नको. ‘प्रायोगिक’ लिहिलेल्या कार्यक्रमाला मात्र बिचकू नका. लंडनच्या डॉल्स्टन भागातलं कॅफे ओटो २००८ पासून प्रामुख्याने अशाच संगीतावर उभं आहे, तेव्हा ऐकणारे आहेत. सेट बहुधा छोटे असतात. नाही आवडलं तर अर्ध्या-पाऊण तासात दुसरं काहीतरी सुरू होतं. पहिल्यांदाच या हॉलमध्ये जाणार असाल तर इथून सुरुवात करू नका, एवढंच.

लहान मुलांना न्यायचं असेल तर जॅझचा दुपारचा सेट सगळ्यात बरा. रॉकला न्यायचंच असेल तर कान पूर्ण झाकणारे मफ घालूनच. जास्त वेळ उभं राहता येत नसेल, किंवा व्हीलचेअर असेल, तर आधी फोन करून पायऱ्या आणि खुर्चीची खात्री करून घ्या. जुन्या इमारतींतल्या अशा हॉलची माहिती पत्रकात बऱ्याचदा अपुरी असते, पण विचारलं की स्वयंसेवक जागा राखून ठेवतात.

तिकिटांचंही सगळीकडे सारखं नसतं. क्वार्टेट आणि बैठक यांच्या खुर्च्या मोजक्या, त्या आधीच संपतात. रॉकला दारावर बहुतेक वेळा तिकीट मिळतं, पण तरी आगाऊ काढा. अशा हॉलमागे कुणी मोठा प्रायोजक उभा नसतो, आणि कार्यक्रम ठेवायचा की रद्द करायचा हे आठवडाभर आधी विकल्या गेलेल्या तिकिटांवर ठरतं. दारावरची कमाई अनेक ठिकाणी खर्च वजा जाता कलाकारांना वाटली जाते, म्हणजे तुमचं तिकीट जवळजवळ थेट त्यांच्या हातात पडतं. ‘जमेल तेवढे द्या’ असं लिहिलेलं असेल आणि तुम्हाला परवडत असेल, तर सुचवलेल्या रकमेपेक्षा थोडे जास्तच द्या. कमी देणाऱ्याची जागा त्यातूनच निघते.