चित्रपटांच्या प्रतींसाठी डिस्क रायटर: घ्यावा की नाही?

प्रत कुठे लावणार, हे आधी ठरवा. कोणता रायटर (कोऱ्या डिस्कवर लिहिणारा ड्राइव्ह), हा प्रश्न त्यानंतरचा. टीव्हीला जोडलेला जुना डीव्हीडी प्लेअर, गाडीतला प्लेअर, किंवा पेनड्राइव्हची सवय नसलेल्या ज्येष्ठांच्या घरचा संच, यांना डिस्कच लागते. तिथे रायटर पैसे वसूल करून देतो. लॅपटॉपवर किंवा स्मार्ट टीव्हीवरच पाहायचं असेल, तर डिस्क वाचणारा ड्राइव्ह आणि एक हार्डडिस्क पुरे. डबल लेअर, म्हणजे दोन थरांच्या, डीव्हीडीत जास्तीत जास्त ८.५ जीबी मावतात, म्हणजे १ टीबीच्या हार्डडिस्कवर अशा शंभरहून जास्त डिस्क जशाच्या तशा बसतात. फक्त डीव्हीडी वाचणारा ड्राइव्ह आता सहसा मिळत नाही, त्यामुळे डीव्हीडीपुरता रायटर ओघानेच घरात येतो. खरा विचार करायचा तो ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा बरंच जास्त मावणारी डिस्क) रायटरचा, कारण त्याचा खर्च बराच जास्त असतो. ब्लू-रे नुसती वाचायची असेल, तर ब्लू-रे वाचणारा आणि डीव्हीडी लिहिणारा कॉम्बो ड्राइव्ह मिळतोय का ते पाहा.

विकत घेतलेल्या चित्रपटांबद्दल बऱ्याच जणांचा अपेक्षाभंग होतो, म्हणून हे सविस्तर. अशा डीव्हीडीवर बहुधा सीएसएस नावाचं, नक्कल रोखणारं संरक्षण असतं. ते उघडणाऱ्या सांकेतिक किल्ल्या डिस्कवरच्या ज्या भागात असतात, तो भाग साध्या कोऱ्या डीव्हीडीवर रायटरला लिहिताच येत नाही. त्यामुळे मूळ डिस्कची हुबेहूब नक्कल केली, तरी ती प्लेअरमध्ये चालत नाही. ड्राइव्ह कितीही महाग घेतला तरी यात फरक पडत नाही, आणि कॉम्प्युटरशिवाय चालणारं डिस्क डुप्लिकेटरचं यंत्रही इथेच अडतं. ब्लू-रेवर एएसीएस हे आणखी कडक संरक्षण असतं. ते तोडणं अनेक देशांत बेकायदा आहे, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या डिस्कसाठीसुद्धा. आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या. शिवाय काही चित्रपटांच्या आवाजातच सिनाव्हिया ही न ऐकू येणारी खूण असते. २०१२ पासूनचे ब्लू-रे प्लेअर ती ओळखतात आणि प्रत लावली की थोड्या वेळाने आवाज बंद करतात.

मग रायटर कोणाच्या कामाचा? घरच्या समारंभाचं चित्रीकरण, व्हीएचएस टेपवरून डिजिटल केलेले व्हिडिओ, स्वतः केलेला लघुपट, स्वामित्वहक्क संपलेले जुने चित्रपट, संरक्षण नसलेल्या डिस्क. हे काम नियमित असेल तर जरूर घ्या.

ड्राइव्ह दोन प्रकारचे. यूएसबीवर चालणारा पातळ ड्राइव्ह डीव्हीडी ८ एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या आठपट, वेगाने लिहितो. पूर्ण भरलेल्या डिस्कला साधारण ८ ते १० मिनिटं लागतात. एलजीचा जीपी६५एनबी६० हा या वर्गातला नेहमीचा नमुना. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी, त्यामुळे यूएसबी २.० सुद्धा पुरून उरतं आणि ‘यूएसबी ३.०’ या शब्दासाठी जास्त पैसे द्यायचं कारण नाही. मात्र यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअरच वीज देतो. लेझरने लिहिताना ड्राइव्हला कधी कधी त्याहून जास्त लागते, आणि मग डिस्क मध्येच अर्धवट सोडली जाते. ड्राइव्ह थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला जोडा, स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब (एका पोर्टचे अनेक करणारा जोड) वापरू नका. तरी अडलं तर दोन पोर्टमधून वीज घेणारी वाय केबल लावा.

दुसरा ५.२५ इंची डेस्कटॉप ड्राइव्ह, कॉम्प्युटरच्या आत साटा केबलने जोडायचा. ब्लू-रेमध्ये एलजीचा डब्ल्यूएच१६एनएस४० असा आहे. वेगळा वीजपुरवठा असलेल्या यूएसबी केसमध्ये घातला, तर तो लॅपटॉपलाही चालतो. महिन्याला दहा-पंधरा डिस्क करायच्या असतील तर हाच घ्यावा. ट्रे मजबूत असतो, लिहिताना वीज कमी पडत नाही आणि बिघडला तर केस तसाच ठेवून ड्राइव्ह तेवढा बदलता येतो.

आणि ड्राइव्हवर वाचवलेले पैसे डिस्कवर घाला. खराब प्रतींचं खापर लोक रायटरवर फोडतात, पण दोष बहुतेक वेळा स्वस्त डिस्कचा असतो. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर घ्या; सगळ्यात जास्त प्लेअर तीच ओळखतात. डीव्हीडी+आर घेतली आणि ड्राइव्ह परवानगी देत असेल, तर लिहिताना बुकटाइप (डिस्कचा प्रकार सांगणारी नोंद) ‘डीव्हीडी-रॉम’ करा, म्हणजे हट्टी प्लेअरही तिला छापील डिस्क समजतो. डबल लेअर डिस्क महाग आणि बिघडायला सोपी: पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाताना लेझरचा तोल ढळला की ती वाया. दोन तासांचा व्हिडिओ सेकंदाला ५ मेगाबिटच्या आसपास ठेवला, तर साध्या ४.७ जीबी डिस्कवर नीट मावतो. तिथे डबल लेअर कशाला? विंडोज हीच जागा ४.३७ जीबी दाखवतं, हे विसरून केलेली फाइल ऐनवेळी बसत नाही.

ब्लू-रेची कोरी डिस्क सहसा २५ किंवा ५० जीबीची. खोक्यावर ‘एलटीएच’ दिसलं तर ती घेऊ नका. तिच्यात सेंद्रिय रंग असतो आणि तो लवकर खराब होतो. अजैविक थराची ‘एचटीएल’ डिस्क टिकाऊ. कोऱ्या ब्लू-रे डिस्कचा पुरवठा आटत चालला आहे. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचं उत्पादन थांबवलं. म्हणून ब्लू-रे रायटर घेण्याआधी डिस्क कुठून आणि किती काळ मिळतील याची खात्री करा.

लिहिण्याची पद्धत थोडक्यात. एमपी४ किंवा एमकेव्ही फाइल तशीच डिस्कवर टाकली, तर जुना प्लेअर ती वाचत नाही. डीव्हीडीस्टायलरसारख्या मोफत सॉफ्टवेअरने तिचं डीव्हीडी-व्हिडिओ करा. त्यातून ‘व्हिडिओ_टीएस’ हे फोल्डर तयार होतं. इमेजबर्न या डिस्क लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘राइट फाइल्स/फोल्डर्स टू डिस्क’ निवडून ते फोल्डर द्या. १६ एक्सच्या डिस्कवर वेग ८ एक्स ठेवा. अगदी कमी, २ एक्सवर लिहिलं की प्रत चांगली होते, हा समज जुन्या डिस्कच्या काळातला. आताच्या डिस्कचा थर त्या वेगासाठी बनलेला नसतो. ‘व्हेरिफाय’ची (लिहिलेलं पुन्हा वाचून तपासण्याची) खूण काढू नका. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण वाईट डिस्क तिथल्या तिथे कळते. लिहून झाल्यावर डिस्क फायनलाइज (लिखाण पूर्ण करून बंद) झाली पाहिजे, नाहीतर कॉम्प्युटरवर चालते आणि प्लेअरवर ‘नो डिस्क’ येतं.

रायटर हातात आल्यावर परतीची मुदत संपण्याआधी तीन काठोकाठ भरलेल्या डिस्क लिहा. काठोकाठ यासाठी की डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि कमजोर ड्राइव्ह बाहेरच्या कडेलाच चुकतो. मग त्या ज्या प्लेअरवर चालवायच्या आहेत त्याच प्लेअरवर लावून शेवटची दहा मिनिटं पाहा. चित्र अडखळलं तर दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर तेच करून बघा. तिथेही अडखळलं तर ड्राइव्ह परत करा.